हवे तेवढेच दाखवणे

ओळख पटवून देण्याचे प्रसंग शहरात अधिक आणि खेड्यापाड्यांत कमी येत असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत तो नेमका उलटा ठरतो. शहरातला पगारदार माणूस बँकेत खाते उघडताना, सिमकार्ड घेताना किंवा घर भाड्याने घेताना, म्हणजे एरवी क्वचितच, आपली ओळख सिद्ध करतो. लेंडी नदीवरच्या धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या दाभोसा गावातील एखाद्या कुटुंबाला मात्र रेशनच्या दुकानातील यंत्रावर दरमहा अंगठा ठेवावा लागतो, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आणि वसतिगृहासाठी जातीचा दाखला द्यावा लागतो, घरकुलाच्या हप्त्यासाठी बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार घेताना चेहराही पडताळून घ्यावा लागतो. हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या जमातींच्या येथील वस्तीचा शासकीय योजनांशी जितका निकटचा संबंध, तितकी ओळखीची मागणी जास्त. खासगीपणा हा सुखवस्तू माणसांचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहण्याजोगा आहे.

या मागणीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे झेरॉक्स. पावसाळ्यात धबधबा पाहायला येणारा पर्यटक मुक्कामाच्या ठिकाणी आधार कार्डाची झेरॉक्स देतो, आणि तेथल्याच पाड्यातला माणूस तालुक्याच्या सेवा केंद्रात अर्जाला तशीच झेरॉक्स जोडतो. त्या एका कागदावर नाव, छायाचित्र, जन्मतारीख किंवा जन्मवर्ष, लिंग, पूर्ण पत्ता आणि बारा अंकी क्रमांक इतके सगळे असते. मुक्कामाची सोय करणाऱ्याला खरे तर आलेला माणूस तोच आहे एवढी खात्री आणि कायद्याने नोंदवायचे मोजके तपशील हवे असतात. उरलेली माहिती त्याच्या कपाटात किंवा त्याच्या मोबाईलमधील व्हॉट्सॲपवर विनाकारण पडून राहते, आणि ती पुढे कोणाच्या हाती लागली हे कोणालाच कळत नाही. येथे दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत झालेली दिसते. ‘हा माणूस कोण आहे?’ हा एक प्रश्न आणि ‘हा माणूस अमुक गोष्टीला पात्र आहे का?’ हा दुसरा. बहुतेक व्यवहारांना दुसऱ्याचे उत्तर पुरते, परंतु कागदाच्या जगात ते स्वतंत्रपणे देण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्याचे संपूर्ण उत्तर द्यावे लागते. डिजिटल पाकीट, म्हणजे मोबाईलमध्ये डिजिटल सहीचे दाखले सांभाळणारे आणि लागेल तेव्हा त्यांतला हवा तेवढाच भाग दाखवू देणारे ॲप, ही गल्लत दूर करू शकते, असा तंत्रज्ञांचा दावा आहे. दावा खरा आहे. मात्र तो कोणत्या अटींवर खरा आहे, हे पाहण्यासाठी आधीची वाट थोडी पाहावी लागते.

देशातील पहिला आधार क्रमांक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. मूळ आराखड्यात आधारचे काम अतिशय मर्यादित होते. एखाद्या यंत्रणेने क्रमांक आणि बोटाचा ठसा पाठवला, तर आधार देणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाने केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे, असा तो आराखडा होता. खासगीपणाच्या दृष्टीने तो बराच संयमी म्हणावा लागेल, कारण विचारणाऱ्याच्या हाती नवीन माहिती काहीच पडत नव्हती. पुढे ई-केवायसी आली, म्हणजे धारकाच्या संमतीने त्याचे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छायाचित्र विचारणाऱ्याला थेट पुरवण्याची पद्धत आली, आणि ‘हो-नाही’चा संयम व्यवहारात मागे पडला. बँका व मोबाईल कंपन्या यांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती, यात शंका नाही. परंतु सोयीबरोबर तपशिलांचे साठेही जागोजागी तयार झाले.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली केलेल्या याचिकेतून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवताना खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली आणि पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवण्यास मनाई केली. त्या आधी या नोंदी पाच वर्षे ठेवण्याची मुभा होती. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी संपूर्ण कायदाच घटनाबाह्य मानला होता. २०१९ च्या दुरुस्तीने ऐच्छिक वापराची वाट काही खासगी संस्थांसाठी पुन्हा खुली झाली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

न्यायालयात वाद चालू असतानाच प्राधिकरणाने काही उपाय आणले होते. जानेवारी २०१८ मध्ये आभासी क्रमांक जाहीर झाला. हा सोळा अंकी, बदलता येणारा क्रमांक खऱ्या आधार क्रमांकाऐवजी देता येतो. झाकलेल्या आधारमध्ये बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. तिसरा उपाय, ऑफलाइन ई-केवायसी, तांत्रिकदृष्ट्या सर्वांत लक्षणीय आहे, कारण त्यात प्राधिकरणाची डिजिटल सही असलेली एक फाइल धारक स्वतः उतरवून घेतो, तिला चार अक्षरांचा परवलीचा शब्द लावतो आणि हव्या त्याला देतो. तिच्यात पूर्ण आधार क्रमांक नसतो, आणि ती तपासताना प्राधिकरणाच्या सर्व्हरला काहीही विचारावे लागत नाही. दुर्दैवाने हे उपाय लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नये, झाकलेले आधार वापरावे, असे आवाहन केले. त्यावरून गोंधळ उडताच दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले. सल्ला योग्य होता. पण ज्या देशात झेरॉक्सशिवाय अर्जच स्वीकारला जात नाही, तेथे तो सल्ला कोणाला द्यायला हवा होता, अर्जदाराला की अर्ज घेणाऱ्याला, या प्रश्नाला त्या पत्रकात जागा नव्हती.

हा प्रश्न किती रोजचा आहे, हे महाराष्ट्रातील मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेवरून स्पष्ट होते. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. वय २१ ते ६५ वर्षांदरम्यान, महाराष्ट्रातील रहिवास, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत, या तिच्या मुख्य अटी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तीत महिलेच्या स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपीही मागितला गेला. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, अशा महिलांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. उत्पन्नाची अट कुटुंबाची असल्यामुळे शासनाला कुटुंबाची माहिती हवी होती, हे समजण्यासारखे आहे. तथापि प्रश्न होता तो तीन अटींचा, ज्यांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी आहेत. उत्तरादाखल मात्र दोन माणसांची पूर्ण ओळख घेतली गेली, आणि विभक्त राहणाऱ्या बाईला तर ज्याच्याशी बोलणेही नको त्याच माणसाकडून ओटीपी मागण्याची वेळ आली.

डिजिटल पाकिटाची रचना अशाच प्रसंगासाठी आहे. तिच्यात तीन पक्ष असतात: दाखला देणारा, तो बाळगणारा धारक आणि तो पडताळणारा. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये या रचनेचा पहिला मानदंड प्रसिद्ध केला. तहसील कार्यालयाने उत्पन्नाचा दाखला डिजिटल सही करून धारकाच्या मोबाईलमध्ये दिला, आणि धारकाने त्यातली एकच ओळ पडताळणाऱ्याला दाखवली, तर उरलेल्या ओळी झाकूनही सही खरी कशी ठरावी, हा यातला कळीचा प्रश्न आहे. कारण साधारण डिजिटल सही संपूर्ण मजकुरावर असते आणि त्यातले एक अक्षर जरी वगळले तरी ती जुळत नाही.

यावरचा प्रचलित उपाय हॅश नावाच्या गणिती क्रियेवर आधारलेला आहे. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरापासून ठरावीक लांबीची अंकाक्षरांची माळ तयार करणे. नागली दळल्यावर पिठातून मूळ दाणा परत मिळत नाही, तसा त्या माळेवरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही, पण तोच मजकूर पुन्हा दिला तर तीच माळ पुन्हा मिळते. दाखला देणारा प्रत्येक ओळीची स्वतंत्र माळ करतो, म्हणजे नावाची वेगळी, गावाची वेगळी, जन्मतारखेची वेगळी, ‘वय १८ पूर्ण’ या विधानाची वेगळी, आणि सही करतो ती या माळांच्या यादीवर. धारक पडताळणाऱ्याला सही केलेली यादी आणि केवळ एका ओळीचा मूळ मजकूर देतो. पडताळणारा त्या मजकुराची माळ स्वतः तयार करून यादीत आहे का ते बघतो. इतर ओळी यादीत असतात, पण माळांच्या रूपात.

येथे एक बारकावा आहे आणि तो नजरेआड केला तर सगळी योजना कोसळते. शंभर वर्षांत जन्मतारखा जेमतेम साडेछत्तीस हजार होतात. कोणीही संगणकावर या सर्व तारखांच्या माळा करून यादीतल्या माळेशी ताडून पाहू शकतो, आणि त्याला एक सेकंदही लागणार नाही. तालुक्यातील गावांची नावे तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून प्रत्येक ओळीला माळ करण्यापूर्वी एक लांबलचक, कसलाही क्रम नसलेली संख्या जोडली जाते. तिला तंत्रज्ञ सॉल्ट म्हणतात. ती ओळ उघड करायची तेव्हाच तिची संख्या दिली जाते, आणि ती ठाऊक नसलेल्याला अंदाज बांधून काहीही हाती लागत नाही. ‘माहिती हॅश करून ठेवली आहे, त्यामुळे ती सुरक्षित आहे’, असे एखादी संस्था सांगते तेव्हा दहा अंकी मोबाईल क्रमांकाचा नुसता हॅश मुळीच सुरक्षित नसतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे शून्यज्ञान सिद्धता. शफी गोल्डवॉसर, सिल्व्हियो मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की एखादे विधान खरे आहे हे समोरच्याला पटवताना त्या खरेपणाखेरीज दुसरे काहीही न सांगणे गणिताने शक्य आहे. लाडकी बहीणच्या उदाहरणात बोलायचे तर जन्मतारीख न सांगता ‘माझे वय २१ ते ६५ च्या दरम्यान आहे’ हे, आणि उत्पन्नाचा आकडा न सांगता ‘तो अडीच लाखांच्या आत आहे’ हे, सहीच्या दाखल्यावरून सिद्ध करता येते. त्याच वर्षी डेव्हिड चौम या अमेरिकी संशोधकाने ओळख न देता व्यवहार करण्याच्या पद्धतीचा लेख प्रसिद्ध केला, आणि मोठ्या संगणकांच्या साठ्यांतून माणसांवर पाळत कशी बसेल याचा इशाराही त्यात दिला. म्हणजे ही विद्या चाळीस वर्षांची आहे. ती आधारच्या आराखड्याच्या वेळी उपलब्ध नव्हती असे म्हणता येत नाही, फक्त तेव्हाच्या साध्या मोबाईलवर ती चालवणे अवघड होते.

पाकिटातून माहिती दोन ठिकाणी गळू शकते, असे या विषयावरील युरोपीय चर्चेत सांगितले जाते. पहिली गळती पडताळणाऱ्यांच्या संगनमताची. धारकाने दोन ठिकाणी वेगवेगळ्या ओळी दाखवल्या तरी खालची सही तीच असेल, तर दोघांनी नोंदी जुळवल्यावर हा एकच माणूस आहे हे कळते. म्हणून एकेकदाच वापरायच्या दाखल्यांचा गठ्ठा देणे किंवा दर वेळी वेगळी दिसणारी सही वापरणे असे उपाय आहेत. दुसरी गळती दाखला देणाऱ्याकडे होते. प्रत्येक पडताळणीच्या वेळी मूळ कार्यालयाच्या सर्व्हरला विचारावे लागत असेल, तर माणूस कधी, कोठे ओळख दाखवतो याची नोंद त्या कार्यालयाकडे जमा होत राहते. रेशनच्या यंत्राचे उदाहरण घेता येईल. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, आणि रेशन कार्ड देशात कोठेही चालण्याच्या सोयीमुळे त्यांना तेथे धान्य घेता येते. ही सोय मोलाची आहे आणि तिच्यावर टीका करण्याचे कारण नाही. पण कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात कोठे होते, याचा हिशेबही तिच्यामुळे आपोआप तयार होतो. ‘कार्ड खरे आहे आणि या महिन्याचे धान्य उचललेले नाही’, एवढेच सांगणारी पद्धत त्याऐवजी बसवता येणे अशक्य नाही.

यात जव्हारसारख्या भागाचे एक अनपेक्षित हित दडलेले आहे. घाटातल्या पाड्यांवर मोबाईलला रेंज नसणे ही नित्याची अडचण. सर्व्हरला विचारल्याखेरीज न चालणारी पडताळणी तेथे अडते, आणि माणूस धान्याविना परत जातो. सही तपासून जागेवरच निकाल देणारे पाकीट रेंजशिवाय चालते, आणि सर्व्हरला विचारत नसल्यामुळे मागे माग ठेवत नाही. खासगीपणा आणि सोय यांत निवड करावी लागते, असे नेहमी सांगितले जाते; या डोंगरात ती दोन्ही एकाच बाजूला आहेत.

तिसऱ्या गळतीचा मात्र तांत्रिक ग्रंथांत फारसा विचार नसतो, आणि येथे तीच सर्वांत मोठी आहे. ती मध्यस्थाकडे होते. पाकिटाची सारी रचना एक माणूस, एक स्मार्टफोन आणि त्याला स्वतःला वाचता येणारा पडदा असे गृहीत धरते. पाड्यावर घरात एकच स्मार्टफोन असतो, तो बहुधा मुलाकडे असतो, आणि तो मुलगा कामासाठी बाहेरगावी असतो. आधारला जोडलेला क्रमांक कधी शेजाऱ्याचा निघतो, तर कधी रिचार्जविना बंद पडलेला. बंद क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, म्हणजे ओटीपी भलत्याच माणसाच्या हाती जाण्याचीही शक्यता असते. अशा वेळी अर्जदार सेवा केंद्रात जातो, ‘ओटीपी आला का?’ या प्रश्नाला फोनच पुढे करतो, आणि संमतीचे बटण केंद्र चालवणारा दाबतो. त्यात केंद्रचालकाची लबाडी असतेच असे नाही, किंबहुना त्याच्यावाचून अर्ज भरलाच जात नाही. परंतु संमती हा शब्द ज्या अर्थाने कायद्यात वापरला आहे, त्या अर्थाने ती येथे घडत नाही. निवडक तपशील दाखवण्याची सोय असलेले नवे आधार ॲप २०२५ मध्ये आले. ते ज्याच्या फोनवर चालणार तो फोन कोणाचा, हा प्रश्न ॲपच्या बाहेरच राहतो.

म्हणून खासगीपणाचा भार धारकाच्या हुशारीवर टाकण्यापेक्षा मागणाऱ्यावर मर्यादा घालणे अधिक परिणामकारक ठरते. युरोपीय संघाच्या मे २०२४ पासून लागू असलेल्या नियमनात हा विचार स्पष्ट दिसतो. प्रत्येक सदस्य देशाने २०२६ अखेर नागरिकांना ओळखीचे पाकीट उपलब्ध करून द्यायचे आहे. परंतु त्यातून माहिती मागणाऱ्या संस्थेला आधी नोंदणी करून कोणता तपशील कशासाठी हवा ते जाहीर करावे लागते, आणि त्याहून जास्त मागता येत नाही. पाकीट न वापरणाऱ्याला सेवा नाकारायची नाही, असेही त्यात म्हटले आहे. स्वित्झर्लंडमध्ये खासगी कंपन्यांनी चालवायच्या डिजिटल ओळखीचा कायदा मार्च २०२१ मध्ये जनतेने ६४ टक्के मतांनी फेटाळला, आणि सरकारने स्वतः चालवायच्या, माहिती धारकाच्याच फोनमध्ये ठेवणाऱ्या सुधारित योजनेला सप्टेंबर २०२५ मध्ये जेमतेम ५०.४ टक्के मतांनी मान्यता दिली. विश्वास किती तोलून-मापून दिला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भारतातील डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या कायद्यानुसार अनुदान, लाभ, दाखले किंवा परवाने देण्यासाठी शासनाला माहिती वापरायची असेल, तर प्रत्येक वेळी स्वतंत्र संमती घेण्याचे बंधन नाही. म्हणजे दाभोसा येथील कुटुंबाच्या बहुतेक व्यवहारांत संमतीचे संरक्षण मुळातच पातळ आहे. त्याऐवजी नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत शासकीय यंत्रणांसाठी निकष दिले आहेत, आणि त्या कामासाठी आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी हा त्यांतला एक आहे. जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत उपयोगी वाक्य कदाचित हेच ठरेल, पण कोणत्या योजनेला काय आवश्यक आहे याची यादी प्रत्येक विभागाने प्रसिद्ध केली तरच. ती नसेल, तर पाकीट कितीही चांगले असले तरी खिडकीपलीकडून ‘पूर्ण दाखवा’ असेच सांगितले जाईल. नियमांतील बहुतांश बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे, ती मे २०२७ मध्ये संपते. तोवर झाकलेले आधार आणि आभासी क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात, बोटांच्या ठशांना तेथूनच कुलूपही लावता येते, आणि मुक्कामाच्या ठिकाणी झेरॉक्स मागितली गेल्यास झाकलेली प्रत पुढे करण्याचा धारकाला पूर्ण अधिकार आहे.